प्रश्नावलीपलीकडचे जागतिकीकरण : विद्यार्थ्यांच्या मुलाखत-प्रकल्पांची चिकित्सा

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत जागतिकीकरण हा विषय आता चांगलाच रुळला आहे. मुंबई विद्यापीठाच्या फाउंडेशन कोर्समध्ये 'जागतिकीकरण आणि भारतीय समाज' असा स्वतंत्र घटकच नेमला गेला. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि वाणिज्य या विषयांतही तो निरनिराळ्या नावांनी शिकवला गेला. त्याच्या जोडीने प्रकल्पलेखन आले. विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील माणसांना भेटावे, त्यांच्या मुलाखती घ्याव्यात आणि त्यांतून सामाजिक परिवर्तनाचे आकलन करून घ्यावे, ही त्यामागील अपेक्षा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाल्यामुळे ही अपेक्षा आता केवळ उत्साही प्राध्यापकाच्या मर्जीवर राहिलेली नाही. हजारो विद्यार्थी दरवर्षी कोणाच्या तरी दारात वही घेऊन उभे राहणार आहेत. ते तेथून काय घेऊन परततात, हा प्रश्न म्हणूनच गांभीर्याने विचारण्यासारखा आहे.

कल्पना स्वागतार्ह आहे, याबद्दल दुमत नसावे. पाठ्यपुस्तकातील जागतिकीकरण हे उदारीकरण, खासगीकरण, परकीय गुंतवणूक, जागतिक व्यापार संघटना अशा संज्ञांच्या साखळीतून विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते. जुलै १९९१ मधील रुपयाचे अवमूल्यन, त्याच महिन्याच्या २४ तारखेचा डॉ. मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प, १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेली जागतिक व्यापार संघटना, हे टप्पे पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. मुलाखत या अमूर्त साखळीला एक चेहरा देते. मात्र चेहरा देणे आणि ज्ञान देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रचलित प्रकल्पपद्धती पहिलीवर समाधान मानते आणि दुसरीची केवळ औपचारिकता पूर्ण करते.

प्रश्नावली आणि तिच्यात दडलेले उत्तर

या प्रकारच्या प्रकल्पांत विचारले जाणारे प्रश्न साधारणतः ठरलेल्या वळणाचे असतात. जागतिकीकरणाचा आपल्या व्यवसायावर काय परिणाम झाला? तो अनुकूल होता की प्रतिकूल? जागतिकीकरणापूर्वीचे आणि नंतरचे जीवन यांत काय फरक जाणवतो? नव्या पिढीला आपण काय संदेश द्याल? हे प्रश्न वरकरणी निरुपद्रवी वाटतात. परंतु पहिल्याच प्रश्नाने कारण कोणते हे परस्पर ठरवून टाकलेले असते. निवेदकाकडे फक्त परिणाम सांगण्याचे काम उरते. दुसरा प्रश्न त्याच्या आयुष्याला दोनच कप्पे देतो. तिसरा त्या आयुष्याची १९९१ च्या रेघेवर फाळणी करतो, मग त्या माणसाच्या दृष्टीने ती रेघ तेथे असो वा नसो. चौथ्याबद्दल बोलायलाच नको.

येथे आणखी एक अडचण आहे. 'जागतिकीकरण' हा शब्द ज्याची मुलाखत घ्यायची त्याच्या बोलण्यातला बहुधा नसतो. तो संप म्हणतो, कंपनी उठली म्हणतो, व्हीआरएस घेतली म्हणतो, गावी परत आलो म्हणतो. विद्यार्थी हे सर्व ऐकतो आणि अहवालात लिहितो : 'जागतिकीकरणाचा प्रतिकूल परिणाम झाल्याचे आढळले.' मुलाखतीतून अशा रीतीने तेच बाहेर येते जे प्रश्नावलीतून आत घातलेले होते. चार माणसांच्या चार कहाण्या एका वाक्यात विरघळतात, आणि ते वाक्य तर पुस्तकात आधीच छापलेले होते. मग विद्यार्थ्याला घराबाहेर पाठवण्याचे प्रयोजन काय?

निवेदक आणि विद्यार्थी यांच्यातील नात्याचाही विचार सहसा होत नाही. महाराष्ट्रात विद्यार्थी अनोळखी वृद्धालाही आजोबा, काका, मावशी म्हणूनच हाक मारतो, आणि समोरची व्यक्तीही त्याला 'बाळ' म्हणून जवळ बसवते. या नात्यामुळे बोलणे सुलभ होते. परंतु त्याच नात्यामुळे बोलण्याला उपदेशाचे वळणही लागते. 'आमचे झाले ते झाले, तुम्ही शिका' हे वाक्य अशा संवादांत हमखास येते. ते खोटे नसते, पण ते मुलाखतीचे दार हळुवारपणे लावून घेणारे वाक्य असते. ज्याला कामाचा तपशील, पगाराचा आकडा आणि खोलीचे भाडे विचारता येते, त्यालाच ते दार पुन्हा उघडता येते.

गिरणगावचा कालक्रम

हा दोष किती खोलवर जातो हे पाहण्यासाठी मुंबईच्या गिरणगावाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा या भागांतील कापड गिरण्यांचा अस्त हा जागतिकीकरणाचा परिणाम म्हणून विद्यार्थ्यांच्या अहवालांत सहज नोंदवला जातो. पूर्वी तेथे गिरण्या होत्या, आता मॉल आहेत. मधल्या काळात जागतिकीकरण झाले. फिनिक्स गिरणीच्या जागेवरील झगमगाट पाहून हा निष्कर्ष कोणालाही पटेल. कालक्रम लावून पाहिला की तो डळमळतो.

दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वेतनवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबरच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेल्या एकमेव प्रातिनिधिक संघटनेच्या स्थानाला या संपाने आव्हान दिले होते. संप दीड वर्षाच्या वर रेंगाळला आणि तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९८३ मध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने ताब्यात घेतले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग यांच्यातील जुना भेद सैल केला आणि न चालणाऱ्या गिरण्या बंद होऊ देण्याची भूमिका स्वीकारली. कापडाचे उत्पादन तोवर भिवंडीसारख्या यंत्रमाग केंद्रांकडे मोठ्या प्रमाणावर सरकले होते. यांतील एकही घटना १९९१ नंतरची नाही.

१९९१ हे वर्ष गिरणगावच्या इतिहासात येते, पण ते निराळ्याच कागदावर येते. त्या वर्षीच्या बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली, आणि त्या बदल्यात जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल होऊन वाटणी केवळ गिरणीच्या आवारातील आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सार्वजनिक वाटा त्यामुळे अत्यंत आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाच्या विरोधात निर्णय दिला, तर मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ज्या विद्यार्थ्याच्या वहीत १९९१ म्हणजे फक्त नवे आर्थिक धोरण, त्याला परळच्या माणसाचे १९९१ कसे कळावे? आणि गंमत अशी की कापडाच्या जागतिक व्यापारातील खरी मोठी उलथापालथ, म्हणजे देशवार निर्यात-कोट्यांची पद्धत संपुष्टात येणे, ही १ जानेवारी २००५ रोजी पूर्ण झाली. तोपर्यंत मुंबईतील बहुसंख्य गिरण्यांचे भोंगे थांबलेले होते.

याचा अर्थ जागतिकीकरणाचा गिरणगावशी संबंध नाही असा मुळीच नव्हे. जमिनीच्या किमती, वित्तीय सेवांचा विस्तार, कार्यालयांची आणि चैनीच्या व्यापाराची वाढलेली मागणी या साऱ्यांत तो संबंध आहेच. तो कापडातून कमी आणि जमिनीतून अधिक आला, एवढेच. शिवाय 'पूर्वी' जो काळ होता तोही जागतिक व्यापाराबाहेरचा नव्हता. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारणी सुरू केलेली पहिली गिरणी, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, मुंबईच्या कापूस व्यापारात आलेली तेजी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चीनकडे होणारी सुताची निर्यात आणि पुढे जपानी स्पर्धेने हिरावून घेतलेली ती बाजारपेठ, हा सारा इतिहास आंतरराष्ट्रीयच आहे. जागतिक बाजाराने घडवलेली वस्ती जागतिक बाजारामुळे बदलली, असे म्हटल्यावर 'पूर्वी आणि नंतर' ही विभागणी फार उपयोगी राहत नाही. कोणता बाजार, कोणाच्या हिताने, कोणत्या कायद्याच्या आधारे, हे प्रश्न पुढे येतात. मुलाखत-प्रकल्पाचे सार्थक व्हायचे असेल तर ते या प्रश्नांपर्यंत पोहोचण्यात आहे.

निवेदनाचे व्याकरण

मुलाखत केवळ माहिती देत नाही. ती माहिती कशी सांगितली जाते हेही देते. मराठीत या दृष्टीने ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. 'गिरणी बंद पडली' आणि 'गिरणी बंद केली' या दोन वाक्यांत केवळ क्रियापदाचा फरक आहे, परंतु पहिल्यात कर्ता नाही. गिरणी जणू पावसात भिंत पडावी तशी आपोआप पडली. दुसऱ्यात कोणीतरी केली, आणि तो कोण हे विचारता येते. संपाविषयी बोलताना 'संप फुटला', 'संप मोडला', 'संप चिघळला', 'संप मिटलाच नाही' असे निरनिराळे प्रयोग होतात. 'फुटला' म्हणताना आतून कोणी गेल्याची वेदना असते. 'मोडला' हे क्रियापद बाहेरच्या हाताकडेही बोट दाखवू शकते. 'मिटलाच नाही' असे म्हणणारा निवेदक एका कायदेशीर वस्तुस्थितीवर बोट ठेवत असतो आणि त्याच वेळी स्वतःच्या आयुष्याबद्दलही काही सांगत असतो. एकच व्यक्ती अर्ध्या तासात या दोन-तीन क्रियापदांमध्ये ये-जा करू शकते. ती कोठे कर्ता सांगते आणि कोठे टाळते, यातच तिचे आकलन आणि तिची भीड उमटलेली असते.

विद्यार्थ्याच्या अहवालात यातले काय उरते? जवळपास काहीच नाही. मालवणी, सातारी किंवा घाटावरच्या बोलीतले निवेदन तो 'शुद्ध' मराठीत उतरवतो, वाक्ये पूर्ण करतो, अडखळणे काढून टाकतो आणि सर्वत्र 'गिरणी बंद झाली' असे निर्विकार रूप बसवतो. प्रमाणभाषेचा हा संस्कार शिक्षकाकडूनच आलेला असतो, हे मान्य केले पाहिजे. शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल शाई पडते. निवेदकाचा शब्द बदलल्याबद्दल क्वचितच पडते.

निवेदकाची सन-सनावळी चुकते, ही दुसरी तक्रार. अनेक शिक्षक याच कारणासाठी मुलाखतीला दुय्यम साधन मानतात. या संदर्भात इटालियन अभ्यासक आलेसांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलाद-नगरीविषयी केलेले विवेचन मौखिक इतिहासाच्या अभ्यासात मूलभूत ठरले आहे. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये उत्तर अटलांटिक कराराविरोधी निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या हातून मारला गेला. परंतु अनेक कामगारांच्या स्मृतीत त्याचा मृत्यू १९५३ मधील मोठ्या कामगार-कपातीविरुद्धच्या लढ्यात सरकला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून बाजूला ठेवली नाही. समाजाला एका मृत्यूसाठी पुरेसे मोठे कारण हवे होते, म्हणून स्मृतीने तारीख हलवली, असा अर्थ त्यांनी लावला. गिरणगावातील एखादा निवेदक गिरणी 'संपातच' बंद झाली असे सांगत असेल, आणि कागदोपत्री ती पुढे दहा-पंधरा वर्षे कशीबशी चालू राहिलेली असेल, तर विद्यार्थ्याने तेथे थबकले पाहिजे. त्या माणसासाठी गिरणी १९८२ मध्ये का संपली? त्याला पुन्हा कामावर घेतले गेले नाही म्हणून, की घेतले गेले परंतु पूर्वीचा मान उरला नाही म्हणून? कागद आणि स्मृती यांतील ही फट हेच प्रकल्पाचे खरे क्षेत्र आहे. दोन्हीपैकी एकाला खोटे ठरवून ती बुजवणे सोपे असते.

अर्थात याचा अतिरेकही होऊ शकतो. निवेदकाचे प्रत्येक विधान पवित्र मानणे हे भाबडेपणाचेच लक्षण होय. स्मृतीवर नंतरच्या प्रतिमांचे थर चढतात. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने आणि २०१० मधील 'लालबाग परळ' या चित्रपटाने संपानंतरच्या कुटुंबाचे जे चित्र लोकमानसात रुजवले, ते आता कामगारांच्या आठवणींतही मिसळलेले असू शकते. म्हणूनच मुलाखतीशेजारी पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, व्हीआरएसचे पत्र, त्या काळातील वर्तमानपत्राचे कात्रण असे काही ठेवावे लागते. दोन पुरावे एकमेकांची उलटतपासणी करू लागले की विद्यार्थी आपोआप इतिहासाच्या पद्धतीत शिरतो.

निवेदक कोण?

प्रकल्पातील निवेदक बहुधा पुरुष असतो, बहुधा कायम कामगार असतो आणि बहुधा मुंबईतच राहिलेला असतो. या तिन्ही गोष्टींनी चित्र अपुरे राहते.

स्त्रियांचे गिरण्यांतील प्रमाण विसाव्या शतकात सतत घटत गेले. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांपुरते ते शिल्लक राहिले. परंतु गिरणगाव चालत होते ते खाणावळींवर. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना पाळीच्या वेळेनुसार डबा पोहोचवणाऱ्या या बायकांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने संघटित केले आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेले. संपाच्या काळात खाणावळवाल्या बाईच्या उधारीच्या वहीत जे साठत गेले, ते कोणत्याही अहवालात येत नाही, कारण 'जागतिकीकरणाचा आपल्या नोकरीवर काय परिणाम झाला' हा प्रश्न तिला लागूच होत नाही. तिला नोकरी नव्हती. जेवणारे किती होते, पैसे कधी मिळत, संपात कोण जेवत राहिले आणि कोण गावी निघून गेले, असे विचारले तर मात्र ती गिरणगावचे अर्थशास्त्र उलगडून दाखवू शकते.

जातीचा प्रश्न असाच निसटतो. विणकाम खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्यातून घ्यावे लागे, आणि सवर्ण कामगारांनी त्यावरून विटाळाचा आक्षेप घेतला होता. अधिक पगाराचे काम त्यामुळे त्यांच्या हाती येत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला. गिरणगावच्या एकजुटीच्या आठवणी गोड असतात आणि बऱ्याच अंशी खऱ्याही असतात. तरी कोणत्या खात्यात काम केले, खोली कोणाच्या ओळखीने मिळाली, जॉबर कोणत्या गावचा होता, हे प्रश्न त्या गोडव्याच्या आत डोकावू देतात. सामाजिक परिवर्तन मोजायचे तर आधीचा समाज कसा होता हे ठाऊक हवे. तो एकसंध आणि सुखी होता असे गृहीत धरून नंतरचा ऱ्हास मोजणे म्हणजे मोजपट्टीच चुकीची धरणे होय.

आणि तिसरे, गाव. गिरणी कामगार रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेला होता. त्याची मनीऑर्डर दर महिन्याला तिकडे जात असे. संपानंतर हजारो माणसे तिकडेच परतली. म्हणजे मुंबईतील गिरणीचा भोंगा थांबल्याचा परिणाम मोजण्याची एक जागा कोकणातील वाडीही आहे. चिपळूण, कणकवली किंवा कराड येथील महाविद्यालयाने हा विषय 'मुंबईचा' समजून सोडून द्यावा, याला काहीच कारण नाही. उलट तेथील विद्यार्थ्याला आपल्याच आजीकडून ऐकता येईल की मनीऑर्डर थांबल्यावर शेत कोणी कसले, बहिणींची लग्ने कशी झाली, धाकट्या भावाचे शिक्षण कोठे अडले. पोस्टमनची वाट पाहणे थांबले, ही त्या घरातील घटना होती, आणि तिला वर्ष होते.

ग्रंथ आणि पाठ्यपुस्तक

या अध्यापनासाठी आदर्श नमुना मराठी वाचकाच्या हाताशी आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचा गिरणगावचा मौखिक इतिहास इंग्रजीत २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'कथा मुंबईच्या गिरणगावची' या नावाने तो मराठीतही उपलब्ध आहे. शंभर वर्षांचा काळ शंभर आवाजांतून उभा करण्याचा त्याचा संकल्प, राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकाराची त्याला लाभलेली विस्तृत प्रस्तावना, आणि कामगार, कार्यकर्ते, स्त्रिया, कलावंत अशा भिन्न थरांतील निवेदकांना दिलेली जागा, यांमुळे तो वर्गात वापरण्यास विशेष योग्य ठरतो. त्यातील निवेदने परस्परांशी जुळत नाहीत, आणि लेखिका ती जुळवून देत नाहीत, हे त्याचे सर्वात मोठे बळ. अध्यापनाच्या दृष्टीने एक उणीव जाणवते ती अशी की निवेदने अखंड बोलण्याच्या रूपात येतात, त्यांमागचे प्रश्न बहुधा दिसत नाहीत. तयार ग्रंथात हे स्वाभाविकच आहे. परंतु विद्यार्थ्याचा समज होतो की माणसे अशीच सलग बोलतात, आणि स्वतःच्या मुलाखतीत निवेदक दोन वाक्यांवर थांबला की तो गांगरतो.

एनसीईआरटीच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या, २००७ मध्ये आलेल्या पाठ्यपुस्तकाने याच मौखिक इतिहासातील उतारे घेऊन १९८२ च्या संपाकडे अनेक बाजूंनी पाहण्याचा स्वाध्याय दिला होता, ही त्या पुस्तकाची दूरदृष्टी मानावी लागेल. मात्र तो स्वाध्याय औद्योगिक समाजाच्या प्रकरणात होता आणि जागतिकीकरण व सामाजिक परिवर्तन यांचे विवेचन त्याच्या पुढच्या प्रकरणात. सलग असलेल्या या दोन प्रकरणांमधील सांधा शिक्षकाने जुळवायचा होता. तो न जुळल्यास संप ही कामगार चळवळीची गोष्ट राहते आणि जागतिकीकरण ही मोबाइल, मॉल आणि कॉल सेंटरची.

वेळ, संख्या आणि गुण

या अपेक्षांवर व्यवहारी आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. एका तुकडीत शंभरच्या आसपास विद्यार्थी, प्रकल्पाला ठरावीक गुण, सत्राचे मोजके आठवडे, आणि तपासणारा प्राध्यापक एकच. दहा प्रश्नांची छापील प्रश्नावली ही या परिस्थितीतूनच जन्मलेली सोय आहे. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे संख्या कमी करणे. चार विद्यार्थ्यांच्या गटाने एकाच व्यक्तीची दोनदा मुलाखत घेतली, तर पंचवीस निवेदकांत संपूर्ण तुकडी बसते. आणि दुसरी भेट ही पहिलीपेक्षा नेहमीच अधिक मोलाची असते, कारण तेव्हा विद्यार्थी पहिल्या भेटीतील न कळलेला शब्द घेऊन गेलेला असतो. चार-पाच निवेदकांवरून समाजाविषयी विधान कसे करता येईल, हा संशोधनपद्धतीच्या तासाला विचारला जाणारा प्रश्न येथे गैरलागू आहे. येथे टक्केवारी काढायचीच नाही. पाच निवेदनांवर वृत्तालेख काढून '८० टक्के उत्तरदात्यांच्या मते' असे लिहिणारे अहवाल मात्र सर्रास पाहायला मिळतात. ही संख्याशास्त्राची थट्टा आहे आणि निवेदकांचीही.

गुणदानात काय मोजले जाते, त्यावर विद्यार्थी काय करणार हे ठरते. बांधणी, मुखपृष्ठ, प्रस्तावना, निष्कर्ष यांना गुण असतील तर तेच सजवले जातील. शब्दशः लिहून काढलेल्या दोन पानांच्या निवेदनाला, त्यातील एखाद्या तारखेची कागदाशी केलेल्या पडताळणीला, आणि 'या मुलाखतीने पाठ्यपुस्तकातील कोणते विधान अडचणीत आले' या प्रश्नाच्या उत्तराला गुण ठेवले, तर विद्यार्थ्याचे लक्ष तिकडे वळेल. निष्कर्ष न निघणे हेही मान्य उत्तर असले पाहिजे.

निवेदकाच्या संमतीचा मुद्दा आपल्याकडे अजून शिष्टाचाराच्या पातळीवरच राहिला आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणे आता इतके सोपे झाले आहे की विचारण्याची गरजच भासत नाही. व्हीआरएसची रक्कम कशी संपली, मुलगा कोणत्या वळणावर गेला, घराच्या सोडतीत नाव का लागले नाही, या गोष्टी नात्याच्या ओलाव्यात सांगितल्या जातात. त्या अहवालात नावासकट छापल्या जातील याची सांगणाऱ्याला कल्पना नसते. निवेदक हा विद्यार्थ्याचा बाप किंवा आजी असेल तेव्हा हा प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण जे घरात कधी उच्चारले गेले नाही ते गुणांसाठी विचारले जात असते. लिहून काढलेले निवेदन निवेदकाला वाचून दाखवणे, त्याने सांगितलेला भाग वगळणे आणि एक प्रत त्याच्या हाती देणे, एवढे तरी प्रकल्पाच्या अटींत असावे. दुसरी प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहावी. आज हे अहवाल निकालानंतर वर्षभर कपाटात पडून राहतात आणि मग रद्दीत जातात. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या घरात आहे.